मध्ये माणूस नको

भनपुरी, रायपूर
१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम.

घरी आम्ही तिघं ठीक आहो. तुझी खबर आई सांगते, पण तिचं सांगणं तुले माहीत आहे. तू दोन पोळ्या जास्त खाल्ल्या की तिच्या लेखी तू सुखी. इथं थंडी चांगली पडून राहिली आहे. करड्या रंगाचं स्वेटर आईच्या हातानं पाठवलं होतं, ते भेटलं का ते सांग. बाबांचा गुडघा तसाच आहे. रेल्वेच्या दवाखान्यात जा म्हटलं तर म्हणतात, रिटायर माणसाले तिथं कोण विचारते. समोरच्या मीनलचं लग्न ठरलं, मुलगा दुर्गचा आहे. आपल्या पाऱ्यात, वस्तीत, एवढीच आनंदाची बातमी.

जेलच्या मुलाखतीले माझं नाव सांगितलं की तू बाहेर येत नाहीस. मागच्या खेपेले मी बसून बसून थकली, मग शिपाईच म्हणाला, "दीदी, अश्विन नहीं आएगा, आप जाओ." म्हणून लिहून राहिली. सरकारी वकिलानं मले पत्र लिहायले मनाई केली आहे. जेलमध्ये पत्र उघडून वाचतात हे पण माहीत आहे. वाचू दे. अक्षर तिरपं दिसेल. उजवं मनगट थंडीत आखडते, पेन नीट धरता येत नाही.

तुझा निरोप आईनं दिला. "रीनाले म्हणा, कोर्टात एवढंच सांग की भीड होती, कोण कोणाले मारून राहिलं ते दिसलं नाही." पोळ्या लाटता लाटता, माझ्याकडे न पाहता तिनं हे सांगितलं. मी हो म्हटलं नाही, नाही बी म्हटलं नाही. त्याचं उत्तर देईन. आधी त्या दिवशी काय झालं ते पूर्ण ऐक, कारण तुले अर्धंच माहीत आहे.

तुझं अर्धं मले माहीत आहे. मिलमधल्या भंगार दाबायच्या प्रेसमध्ये बंडू उतरला होता. झाकणाच्या सांध्यात पत्र्याची पट्टी अडकली होती, ती काढायले. मशीन थांबलेली, तू पॅनलजवळ उभा. मेन स्विच पाडायले पाहिजे होता, पण मेन पाडला की तेल थंड होते, परत चालू करायले वेळ जाते, म्हणून मॅनेजर ओरडायचा, अन् म्हणून कोणीच पाडत नव्हतं. कोणी हात न लावता झाकण खाली यायले लागलं. तू लाल बटन दाबलं. झाकण थांबलं नाही. त्या बटनाची तार मिलवाल्यांनी कधीची कापून ठेवली होती. तू मुठीनं ते बटन फोडलं, मग मेनकडे धावला, अन् तोवर बंडूचं ओरडणं बंद झालं होतं. झाकण वर करून त्याले काढलं तूच. छातीखाली काही जागेवर राहिलं नव्हतं. तुझ्या अंगावर जे होतं ते मी पाहिलं आहे दादा. तू तसाच आमच्या ऑफिसात आला होता.

बंडू माझ्याही लहानपणाचा होता. दहावीच्या पेपरले मले सायकलवर तोच नेऊन सोडायचा. हे यासाठी लिहिलं की मी त्या दिवशी कोणाच्या बाजूनं होती असं तू आईले विचारलं म्हणे.

आता माझं अर्धं.

त्या प्रेसचा प्रोग्राम आमची कंपनी लिहिते, हे तुले माहीत आहे. तू तर घरी मजाक करायचा, "तुम्ही एसीत बसता, आम्ही तुमच्या मशीनसोबत मरतो." प्रोग्राममध्ये कोणीही काही बदल केला तर तो दुसऱ्यानं तपासायचा असते. त्याले रिव्ह्यू म्हणतात. तपासणाऱ्याले बरोबर वाटलं तर तो 'अप्रूव्ह' दाबते. मग तो बदल खऱ्या मशीनवर केव्हा चढवायचा, ते आधीच ठरवून ठेवावं लागते. कोणती गोष्ट झाली की चढवायचं, तिले ट्रिगर म्हणतात. हा ट्रिगर काय ठेवायचा यावर आमच्यात भांडण होतं.

आमची रीत अशी होती: अप्रूव्ह झालं तरी बदल थांबून राहायचा. मिलमधून फोन यायचा की मशीन बंद आहे, आत कोणी नाही. मग आमच्यातला एक जण हातानं बटन दाबायचा. नवीन प्रोग्राम चढला की मशीन स्वतःले एकदा मूळ जागेवर आणते, म्हणजे झाकण एकदा बंद होते, म्हणून फोन पाहिजेच. आमचे साहेब यशोधन सर, त्यांले ही रीत पसंत नव्हती. भिलाईहून एक मोठं गिऱ्हाईक येणार होतं, त्याले दाखवायचं होतं की आमच्याकडे अप्रूव्ह झालं की काम लगेच मशीनवर. मीटिंगमध्ये ते म्हणाले, "ट्रिगर अप्रूव्हलवरच ठेवा. मध्ये माणूस नको. माणूस आला की उशीर आला."

मी म्हटलं, "सर, हा मोबाईलचा ॲप नाही. तिकडे लोक उभे असतात."

"लोकांनी कुठे उभं राहायचं ते मिल बघेल," ते म्हणाले. "तू कोड बघ."

श्रेयस माझ्या बाजूनं बोलला. त्याले तू एकदाच पाहिलं, म्हणून सांगते. दोन वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. घर चौबे कॉलोनीतच, ऑफिसच्या मागच्या गल्लीत. बापजाद्यांपासून रायपूरचे मराठी, पण मी मराठीत बोलली की उत्तर हिंदीत द्यायचा. तो म्हणाला, "सर, रीना सही बोल रही है. रिव्ह्यू करने वाले को थोड़ी पता रहेगा कि उधर मशीन में कौन है." शेवटी सर म्हणाले, बरं, सध्या फक्त ऑफिसातल्या टेस्ट मशीनले तसं लावतो. आम्ही मान हलवली. त्यांनी लावलं ते सगळ्या मशीनले. आम्हाले सांगितलं नाही.

आता जे लिहिते ते लिहू की नको, यात दोन कागद फाडले. तू मागं एकदा जेवताना म्हणाला होता, "तुमच्या स्क्रीनवर दबावच्या जागी दवाब लिहून आहे, पोट्टे हसतात." आठवते? ते मी दुरुस्त केलं. दोन अक्षरांची अदलाबदल. श्रेयसनं पाहिलं, हसला, म्हणाला, "इतनी सी चीज़," अन् अप्रूव्ह दाबलं. आम्हाले वाटलं, आता ते पडून राहील, मिलमधून फोन येईल तेव्हा जाईल. दोघं चहा प्यायले उठलो. तुमच्या मिलमध्ये झाकण हललं ते त्याच वेळी.

याचा दोष तू स्वतःवर घेऊ नको. चूक दिसली तर सांगणं हे काही पाप नाही. मी पण घेत नाही, अन् श्रेयसवर तर कोणीच टाकू नये. पण बंडू का मेला हे तू विचारत आला होता, तर त्याचं खरं उत्तर तुले भेटलं पाहिजे.

मिलमधून फोन आला तेव्हा मी सरच्या मागेच उभी होती. ते ऐकता ऐकता पांढरे पडले. फोन खांद्यात धरून त्यांनी कॉम्प्युटर उघडला अन् ट्रिगर परत जुन्या जागी केला, 'हातानं बटन' वर. माझ्या डोळ्यांसमोर. मग तुमच्या मॅनेजरले म्हणाले, "हमारे यहाँ तो आदमी बटन दबाता है. श्रेयस नाम का लड़का है, उसी ने चढ़ाया होगा." मी म्हटलं, सर, हे काय करून राहिले? ते म्हणाले, "तू गप बस. तुझा भाऊ तिथे कामाला आहे ना? जिवंत आहे, देवाचे आभार मान."

मॅनेजरनं तेच नाव गेटवर तुम्हा लोकांना दिलं. त्याच्या कापलेल्या तारेबद्दल कोणी विचारू नये म्हणून दिलं.

मी श्रेयसले म्हटलं, तू घरी जा, आत्ता जा. तो म्हणाला, "मैं क्यों जाऊँ? मैंने क्या किया? आने दो, समझा देंगे." त्याले वाटलं समजावता येते.

तुम्ही आले तेव्हा आधी खालची काच गेली. मग जिन्यावर पाय वाजले. तुमच्या मिलचा भैय्यालाल अन् तू पुढं. तुझ्या हातात मिलमधली सळई होती. सर मागच्या जिन्यानं निघून गेले होते. कोणी मॉनिटर उचलून भिंतीवर मारले, कोणी कॅमेऱ्याची तार उपटली. तू टेबलं उलटवत नव्हता. तू फक्त विचारून राहिला होता, "श्रेयस कोन आहे? बटन कोनं दाबलं?"

मी तोंड उघडलं नाही. तोच समोर आला. दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "मैं हूँ. भैया, बैठिए, मैं बताता हूँ."

तुझा पहिला वार त्याच्या तोंडावर बसला. दात टेबलावर पडल्याचा आवाज आला. तो खाली बसला, पडला नव्हता, हात तसेच पुढं होते. दुसरा वार डोक्यावर. मग तो आडवा झाला अन् भैय्यालाल त्याच्या पोटात लाथा मारायले लागला, अन् तू मारतच राहिला, डोळ्यावर, खांद्यावर, जिथं लागेल तिथं. मी मध्ये आली. सळई दोन्ही हातांनी धरली. तेव्हा तू माझ्याकडे पाहिलं अन् म्हणाला, "सरक, रीना."

दादा, तू माझं नाव घेतलं. मग सळई पिरगाळून सोडवली अन् माझ्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचं मले कळलं. पण मी नंतर कितीतरी दिवस ते नाव ऐकत राहिली. भीड होती, काही दिसलं नाही, असं तू मले सांगायले लावून राहिला. तुले दिसत होतं. मी आहे हे दिसत होतं अन् तरी तू मारलं. घरी मी सांगितलं की पळापळीत जिन्यावरून पडली. आई-बाबाले आजही तेच माहीत आहे.

श्रेयस वाचला. डावा डोळा गेला. बोलतो, पण शब्द शोधत बोलतो. त्या दिवसाचं त्याले काही आठवत नाही, त्यानं पोलिसांनाही तसंच सांगितलं. कॅमेरा तुटला होता. बाकीचे टेबलाखाली होते, त्यांनी कोणाचा चेहरा पाहिला नाही म्हणून लिहून दिलं. तुझा वकील म्हणूनच निश्चिंत आहे. मी एकटीच उरली.

तर हे तुझ्या निरोपाचं उत्तर. बुधवारी माझी साक्ष आहे. मी जे पाहिलं ते सांगणार आहे. सरांनी काय केलं ते पण सांगीन, मॅनेजरचं पण, जिथं विचारतील तिथं. पण त्यांचं सांगून तुझं लपवणार नाही. कोर्टात तू अचानक ऐकू नये म्हणून आधी लिहिलं.

आईले हे सांगायची माझी हिंमत झालेली नाही. तू आता तिच्या आधी जाणतोस.

स्वेटर घाल. थंडी खरंच फार आहे.

तुझी,
रीना


भनपुरी
२० जुलै २०२५

प्रिय दादा,

जय भीम.

तुले शिक्षा झाली त्याले महिना होऊन गेला. सात वर्षं. भैय्यालालले पाच. आई तेव्हापासून माझ्या हातचं जेवते, पण वाढून घेताना ताट पुढं करते, हात लागू देत नाही. बाबा बोलतात, कामापुरतं.

साक्षीच्या दिवशी तू खाली पाहून होता, म्हणून तुले सगळं दिसलं नसेल. तुझ्या वकिलानं विचारलं, "सगा भाई है?" मी म्हटलं, "हव." "कोई झगड़ा, ज़मीन-जायदाद का?" "नहीं." "फिर क्यों बोल रही हो?" मी म्हटलं, "पूछा इसलिए." मग त्यानं विचारलं, मनगट कसं मोडलं. मी सांगितलं. मागं आई बसली होती. तिच्या तोंडून एक आवाज निघाला अन् जज साहेबांनी मान वर करून पाहिलं. तेव्हा तू उठून ओरडला, "ये मेरी बहन नहीं है." शिपायानं तुले खांद्याले धरून बसवलं. श्रेयस काळा चष्मा लावून माझ्या मागच्या बाकावर होता. कोण ओरडलं म्हणून तो इकडे तिकडे पाहत होता. तुले त्यानं ओळखलंच नाही.

त्या आठवड्यात आपल्या घरावर दगड आले. न्हाणीघराचा पत्रा फुटला, आईच्या पायाजवळ एक पडला. बाबाले चौकात तुमच्या मिलच्या दोन पोट्ट्यांनी धरलं, "बेटी ने बेटे को बेच दिया," म्हणून गालफाडात दिली. बाबा पडले. चष्मा शोधला, उठले, अन् बाजारात जाऊन भाजी घेऊन आले. घरी आल्यावर तोंडात रक्त दिसलं तेव्हा कळलं. मी रिपोर्ट लिहू म्हटलं तर म्हणाले, "आता किती जणांले आत टाकशील?" मग चपला घालता घालता म्हणाले, "जाऊ. चल, लिहू." माझ्यासोबत ठाण्यात आले. नावं त्यांनीच सांगितली.

बंडूची पिंकीवहिनी पण आली होती. बंडू गेल्यापासून ती कोणाकडे जात नव्हती. दारातच तिनं माझ्या थोबाडीत मारली. म्हणाली, "माझ्या माणसासाठी एकच जण उठला होता, अन् तूनं त्यालेच बुडवलं." तिनं दुसऱ्यांदा हात उचलला, पण तो तसाच राहिला, अन् ती उंबऱ्यावर बसली. मी पाणी आणून दिलं. ते पिऊन तिनं विचारलं, "झाकण कोणी पाडलं मग?" मी तिले सगळं सांगितलं, ट्रिगरचं, फोनचं, कापलेल्या तारेचं, तुले लिहिलं तसंच. दवाब-दबावचं पण सांगितलं. ती ऐकत राहिली. म्हणाली, "म्हणजे एकानं ठरवलं अन् मधी कोनीच नव्हतं?" मी म्हटलं, "नव्हतं." मग म्हणाली, "अन् अश्विनभाऊनं भलत्याले फोडलं." पदरानं तोंड पुसून ती घरी गेली.

बंडूच्या मरणाच्या केसमध्ये यशोधन सर अन् मॅनेजर दोघांले पकडलं होतं, आता जामिनावर बाहेर आहेत. त्या केसची तारीख पुढच्या महिन्यात लागली. मी साक्षीदार आहे. पिंकीवहिनी म्हणाली, ती दर तारखेले येणार, समोरच्या बाकावर बसणार. सरांनी माझ्याकडे माणूस पाठवला होता. गोड बोलला, मग जाता जाता म्हणाला, रस्त्यावर ट्रक फार चालतात दीदी, सँभल के. मी अजून त्याच रस्त्यानं जाते. नोकरी दुसरीकडे लागली, अभनपूरच्या बाजूले, धानाच्या मिलचं काम. तिथं पहिल्याच दिवशी विचारलं, बदल मशीनवर केव्हा चढतो, कोण चढवते. माझ्या विचारण्यावर ते हसले. मी परत विचारलं.

आता ज्यासाठी हे पत्र लिहिलं ते.

आई परवा भेटून आली. म्हणाली, बॅरेकमध्ये भैय्यालालनं माझं नाव घेऊन घाण शिवी दिली, अन् तू त्याचं डोकं नळाच्या खांबावर आपटलं. दोनदा. त्याचं नाक मोडलं, ओठ फाटला, तुले वेगळं ठेवलं आहे, शिक्षेतले माफीचे दिवस पण कापले. आई हे सांगताना रडत नव्हती. कोर्टानंतर पहिल्यांदा तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "पाहिलं? शेवटी भाऊच आहे."

मले कसं वाटलं ते खरं लिहिते. एक क्षण बरं वाटलं. वाटलं, दादा माझाच आहे. मग भैय्यालालची बायको भाजी बाजारात भेटली. तिनं मले पाहिलं अन् टोपली तिथंच ठेवून गेली. मी तिच्या मागं गेली नाही. काय सांगणार होती?

तू बंडूले जीव लावला अन् श्रेयसचा डोळा फोडला. तुझा माझ्यावर जीव आहे, हे मले कळलं, तर भैय्यालालचं नाक फुटलं. दादा, तुझी माया अशी दुसऱ्याच्या अंगातून हाडं मोडत माझ्यापर्यंत आली, तर ती मले नको. त्यापेक्षा तू मले शिव्या दे. तुले तेवढा हक्क आहे.

श्रेयसची आई मले कधी कधी बोलावते. तो हळूहळू काम शिकून राहिला आहे, परत पहिल्यापासून. एकदा त्यानं मले विचारलं, "तेरा भाई कैसा है?" मले वाटलं टोमणा आहे. तसं नव्हतं. त्याले खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "मिलने नहीं आता." तो शब्द शोधत बराच वेळ बसला, मग म्हणाला, "डरता होगा." तुले विचारते, तसं आहे का?

येत्या शनिवारी मुलाखतीले मी आईसोबत नाही, एकटी येते. नाव माझंच लिहीन. तू बाहेर ये. दोन्ही हात मांडीवर ठेवून माझ्यासमोर बस अन् मनात असेल ते सगळं बोल, मी उठणार नाही.

पण आजपासून माझ्या नावानं कोणालेही हात लावायचा नाही.

तू भर कोर्टात नाही म्हटलं तरी तुझी बहीणच,
रीना